वसतिगृह, मेसचा हिशेब आणि समायोजनाचा प्रश्न : ‘कोसला’ व निवडक मराठी आत्मकथनांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

महाविद्यालयीन जीवन हा मराठी साहित्यात वारंवार येणारा विषय आहे. घर सोडून शहरात आलेला विद्यार्थी, त्याची खोली, मित्र, मेस, परीक्षा आणि सुटीत गावाकडे होणारे परतणे या गोष्टी कादंबरीतून व आत्मकथनातून विपुल प्रमाणात आलेल्या आहेत. तथापि या लेखनाची समीक्षा करताना वसतिगृहाकडे बहुधा केवळ पार्श्वभूमी म्हणून पाहिले गेले. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ची (१९६३) चर्चा अस्तित्ववादी एकाकीपणाच्या अंगाने, तर दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांची चर्चा सामाजिक अन्यायाच्या दस्तऐवजाच्या अंगाने करण्याचा प्रघात पडला. हे दोन प्रवाह जणू दोन वेगळ्या विषयपत्रिकांत विभागले गेले. परिणामी दोन्हींमधील विद्यार्थी एकाच प्रकारच्या इमारतीत राहतो, एकाच प्रकारच्या पंगतीत जेवतो आणि तरीही दोघांना त्या जागेचा अर्थ सर्वस्वी भिन्न का लागतो, हा प्रश्न पुरेशा गांभीर्याने विचारला गेला नाही.

प्रस्तुत लेखामागे एक साधा प्रसंग आहे. प्रस्तुत लेखकाचे मूळ गाव पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर परिसरातील पाम हे असून अध्यापनाचा अनुभवही याच परिसरातील आहे. पदवीच्या वर्गात ‘कोसला’ शिकवीत असताना पांडुरंग सांगवीकराच्या तुटलेपणाविषयी विवेचन चालू होते. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, त्याच्या मेसचे पैसे कोण भरत होतं?” वर्गात हशा पिकला. प्रश्न विचारणारा मात्र हसत नव्हता. तो शासकीय आदिवासी वसतिगृहात राहून शिकत होता आणि त्याला खरोखरीच ते जाणून घ्यायचे होते. त्या वेळी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिराने दिलेले उत्तर आहे.

मेसचा खर्च कोण उचलतो आणि निवासी शिक्षणाची निवड करण्याची मोकळीक कोणाला असते, या दोन गोष्टींवर वसतिगृहाचा वाङ्मयीन अर्थ अवलंबून असतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी ‘कोसला’, दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९), किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) आणि आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४) या कृती विचारात घेतल्या आहेत. या कृतींचा सर्वांगीण परामर्श घेणे हा लेखाचा हेतू नाही. त्यांतील निवासी शिक्षणाच्या अनुभवापुरतीच ही मांडणी मर्यादित आहे.

वसतिगृहाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील वसतिगृहाचा इतिहास एका सरळ रेषेत जात नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या महाविद्यालयांची वसतिगृहे ही बाहेरगावच्या, परंतु घरची परिस्थिती बरी असलेल्या विद्यार्थ्यांची सोय होती. याच्या जोडीला दुसरी एक परंपरा उभी राहिली. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना केली. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघाली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ असे म्हटले जाते ते यामुळेच. शाळा काढून भागत नाही, शाळेपर्यंत पोहोचलेल्या मुलाच्या राहण्या-जेवणाची तजवीज झाली तरच शाळेला अर्थ येतो, हे या परंपरेने ओळखले होते. ही वसतिगृहे जातवार होती, ही त्यांची मर्यादा खरीच. परंतु त्या काळी एका पंगतीला बसण्याची समाजाची तयारी कितपत होती, हेही त्यावरून कळते.

ती मर्यादा ओलांडण्याचा महत्त्वाचा प्रयत्न कर्मवीर भाऊराव पाटील यांनी केला. १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहून एकत्र जेवण्याचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. या बोर्डिंगच्या अन्नखर्चासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे. ‘कमवा आणि शिका’ ही योजनाही याच वातावरणातून आली. या परंपरेत मेस ही शिक्षणाबाहेरची बाब नसून शिक्षणाचा पहिला धडाच होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली, तर औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले आणि त्याचा परिसर ‘नागसेनवन’ झाला. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारा भिक्षू नागसेन ही नावे निवडण्यामागे शिक्षणाचा एक निश्चित विचार होता. विद्यार्थी येथे आश्रित म्हणून येत नाही, तो प्रश्न विचारण्यास येतो, असा त्या नावांचा आशय आहे. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरात शिक्षणाची कोणतीही पूर्वपरंपरा नसलेल्या मुलांना नजरेसमोर ठेवून ही संस्था घडविली गेली. आपल्या विवेचनाच्या दृष्टीने ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

निवडीचा प्रश्न

कोणत्या महाविद्यालयात जावे, घरून ये-जा करावी की तेथेच राहावे, हा निर्णय आज कुटुंबात चर्चेने होतो असे आपण गृहीत धरतो. प्रस्तुत कृतींमध्ये मात्र निवड या शब्दाचा अर्थ कृतीगणिक बदलताना दिसतो.

पांडुरंग सांगवीकर हा खानदेशातील सधन शेतकऱ्याचा मुलगा. पुण्यास जाऊन शिकणे हे त्याच्या घरच्या ऐपतीत बसणारे आहे. गावात राहणे हा पर्यायही त्याच्यापुढे सदैव उघडा आहे. किंबहुना अखेरीस तो तेथेच परततो. त्यामुळे पुण्याला जाणे ही त्याच्या दृष्टीने एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत केलेली ये-जा ठरते. त्याच्या पाठीमागे दार बंद होत नाही.

सोनकांबळे यांच्या निवेदकाची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. लहानपणीच पोरका झालेला हा मुलगा बहिणीच्या आधाराने वाढतो. भूक आणि अपमान यांनी त्याचे बालपण व्यापलेले आहे. येथे निवासी शिक्षण हा अनेक पर्यायांपैकी एक पर्याय नसून शिक्षण चालू ठेवण्याची एकमेव अट आहे. घर सोडण्याचे दुःख असायला आधी घर असावे लागते, हे या आत्मकथनाच्या वाचनातून प्रकर्षाने जाणवते.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी निराळा होता. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. बालविधवा असलेल्या गोदूबाई या तेथील अगदी आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी एक. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई झाल्या. घरोघरी त्या बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात निवासी संस्थेत प्रवेश करणे म्हणजे केवळ मुक्काम बदलणे नव्हते, हे स्पष्ट दिसते. विधवेचे आयुष्य ज्या घरकामात आणि बंधनांत ठरून गेलेले होते, त्यातून बाहेर पडण्याची ती पहिली पायरी होती. त्या पायरीची किंमतही मोठी होती. पुनर्विवाहानंतर या दांपत्याला कर्व्यांच्या मुरूड गावी बहिष्काराला तोंड द्यावे लागले. पुरुष विद्यार्थी वसतिगृहात गेला म्हणून गावाला कधी उत्तर द्यावे लागले नाही. विधवेच्या निवासी शिक्षणाबद्दल मात्र सारा समाज स्वतःला जाब विचारण्याचा अधिकारी समजत होता.

सांगवीकराला निवड आहे पण तिचे अप्रूप नाही. सोनकांबळे यांच्या निवेदकाला निवड नाही पण मिळालेल्या जागेचे मोल पुरेपूर ठाऊक आहे. बायांना निवडीबरोबरच तिची सामाजिक शिक्षाही भोगावी लागते. वसतिगृहातील अनुभवाचे स्वरूप पुढे या आरंभबिंदूवरूनच निश्चित होते.

‘कोसला’ : एकाकीपणा आणि हिशेब

‘कोसला’ची कीर्ती तिच्या भाषेमुळे आणि निवेदकाच्या तिरकस अलिप्ततेमुळे झाली. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या शब्दांचा सांगवीकराने केलेला वापर पुढे एका पिढीच्या बोलण्यातच उतरला. कोणतीही गोष्ट पूर्ण गांभीर्याने न सांगता ती सोडून देण्याची ही लकब अर्थशून्यतेची खूण म्हणून वाचली गेली. हे वाचन चुकीचे नाही. तथापि ते अपुरे आहे.

वसतिगृहातील सांगवीकर आरंभापासून अलिप्त नाही, याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. तो महाविद्यालयीन जीवनात हिरिरीने उतरतो. चर्चामंडळाचे काम करतो, संमेलनातील नाटकात पडतो, मेसची जबाबदारी अंगावर घेतो. आज विद्यापीठे ज्याला विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास म्हणतात, ते सर्व काही तो करून पाहतो. मात्र त्याचा उदार, हातचे न राखणारा स्वभाव या व्यवस्थेत टिकत नाही. मित्र त्याचा फायदा घेतात, पैशाचे व्यवहार बिघडतात, परीक्षेत अपयश येते आणि वडिलांशी असलेले संबंध ताणले जातात. त्याचा भ्रमनिरास तत्त्वज्ञानाच्या ग्रंथातून न येता बऱ्याच अंशी मेसच्या वहीतून येतो.

गावाकडील मोठ्या घरात जेवणाऱ्यांची मोजदाद नसते. आला-गेला पंगतीला बसतो. मेसमध्ये मात्र प्रत्येक ताटाला किंमत असते, खाडा धरावा लागतो, पाहुण्याचे वेगळे पैसे लावावे लागतात. एका संस्कृतीत जो गुण मानला जातो तोच दुसरीत गैरव्यवस्थापन ठरतो. सांगवीकराचे तुटलेपण या दोन हिशेबपद्धतींच्या संघर्षातून आकाराला आलेले आहे. मागच्या बाकावरील विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीतच आहे: मेसचे पैसे वडील भरत होते, आणि वडिलांनी ते भरणे हेच सांगवीकराच्या अपराधभावाचे व बंडाचे एकत्रित कारण होते. कादंबरीने ही गोष्ट लपविलेली नाही. ती न पाहण्याचा दोष समीक्षेकडे जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. सांगवीकराचे दुःख हे पोट भरलेल्या माणसाचे दुःख आहे, असा निष्कर्ष यातून काढावा काय? तसे करणे अन्यायाचे होईल. धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीच्या रोगाने झालेला मृत्यू हा या कादंबरीचा गाभा आहे आणि त्या दुःखाला कोणत्याही वर्गाची सवलत मिळत नाही. पुण्यात शिकणारा भाऊ आणि गावात रोगाने मरणारी बहीण यांच्यातील अंतर कोणतेही वसतिगृह भरून काढू शकत नाही. उलट निवासी शिक्षणाने घरातील एकालाच बाहेर काढले आणि बाकीच्यांना तेथेच ठेवले, ही बोच सांगवीकराला आहे. याच जागी तो सोनकांबळे आणि काळे यांच्या निवेदकांच्या सर्वांत जवळ येतो.

आत्मकथनांतील बोर्डिंग

दलित आत्मकथनांत ‘होस्टेल’पेक्षा ‘बोर्डिंग’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. पहिल्या शब्दात राहणे मुख्य आहे, तर दुसऱ्यात जेवणे. ‘बलुतं’मधील निवेदक अकोले तालुक्यातील गाव, मुंबईतील कावाखाना आणि संगमनेरचे बोर्डिंग अशा तीन ठिकाणी घडतो. गावात महारवाड्याची ओळख, मुंबईत श्रमिक वस्तीची ओळख आणि बोर्डिंगमध्ये विद्यार्थी म्हणून नव्याने मिळालेली ओळख या तिन्हींचा मेळ त्याला सहजासहजी बसत नाही.

‘बलुतं’च्या निवेदनपद्धतीचा या संदर्भात विचार करणे आवश्यक आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार याला सांगतो आहे, अशी या आत्मकथनाची रचना आहे. एकाच माणसाचे हे दोन भाग शिक्षणाने पाडलेले आहेत. सुशिक्षित झालेला दया पवार आणि त्याने मागे टाकू पाहिलेला दगडू समोरासमोर बसतात. महाविद्यालयात गेलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे समायोजन म्हणजे नेमके काय, याचे इतके नेमके वाङ्मयीन रूप क्वचितच आढळते. बाहेरून पाहणाऱ्याला तो रुळला असे वाटते. त्याच्या आत मात्र दोन माणसे राहू लागलेली असतात.

‘कोल्हाट्याचं पोर’ हे आत्मकथन वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोहोचलेल्या तरुणाचे आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजसारख्या नामांकित संस्थेत प्रवेश मिळाल्यानंतर बाहेरच्या जगाच्या दृष्टीने त्याचा संघर्ष संपायला हवा होता. प्रत्यक्षात प्रवेशानंतर पैशाची विवंचना, जेवणाचा प्रश्न आणि आपली पार्श्वभूमी सांगावी की झाकावी ही घालमेल चालूच राहते. गुणवत्तेने दार उघडले तरी आत टिकून राहण्याचा खर्च गुणवत्ता भरत नाही. वडिलांच्या नावाच्या जागी आईचे नाव लावून लेखकाने या आत्मकथनावर सही केली. प्रवेश-अर्जातील एका रकान्याला दिलेले हे उत्तर आहे असे म्हटले तर ते अवाजवी ठरू नये.

या आत्मकथनांचे निवेदक वसतिगृहात एकटे नसतात काय? असतात. परंतु त्यांच्या एकटेपणाला भाषा मिळण्यास उशीर लागतो. उद्याच्या जेवणाची शाश्वती नसताना माणूस स्वतःच्या एकाकीपणाचे निरीक्षण करीत बसत नाही. ते निरीक्षण वीस-पंचवीस वर्षांनी, नोकरी लागल्यावर, आत्मकथन लिहिताना होते. सांगवीकर पंचविसाव्या वर्षीच आपली कहाणी सांगू शकतो, हाही एका अर्थी त्याच्या वर्गाचा लाभ आहे. उशिरा आलेल्या या भाषेला केवळ दस्तऐवज समजणे ही समीक्षेची मोठी चूक होय.

समायोजन कोणाचे?

मानसशास्त्र व शिक्षणशास्त्रात ‘समायोजन’ ही संज्ञा रूढ आहे. नव्या वातावरणाशी विद्यार्थ्याने जुळवून घेणे असा तिचा व्यवहारातील अर्थ होतो. महाविद्यालयांतून होणारे उद्बोधन वर्ग, समुपदेशन कक्ष, स्वागत समारंभ या सर्वांमागे हेच गृहीत असते. या संज्ञेत बदलण्याची जबाबदारी विद्यार्थ्याकडे आणि स्थिर राहण्याचा हक्क संस्थेकडे जातो. प्रस्तुत कृतींचे वाचन हे गृहीत डळमळीत करते.

‘कोसला’मधील संस्था सांगवीकरासाठी कशातही बदल करीत नाही, तो जुळवून घेऊ शकला नाही म्हणून गावी परततो आणि संस्था पूर्ववत चालू राहते. नागसेनवनाचे उदाहरण याहून वेगळे आहे. कोणता विद्यार्थी येणार आहे हे आधी ओळखून तेथे संस्था उभी करण्यात आली. या परिसराच्या वातावरणातून पुढे दलित साहित्याच्या चळवळीला बळ मिळाले, गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक उभे राहिले, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. जेथे विद्यार्थ्याला आपली बोली, आपली भूक आणि आपला इतिहास दाराबाहेर ठेवून यावे लागत नाही, तेथे तो लिहू लागतो.

याउलट जेथे संस्था बदलण्यास नकार देते तेथे काय घडते, याचे दाखले आपल्या काळातही आहेत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीने २००७ साली वसतिगृहातील जातीय विलगीकरणाकडे लक्ष वेधले होते. हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याचा १७ जानेवारी २०१६ रोजी मृत्यू झाला, त्यापूर्वी त्याला व त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून बाहेर काढण्यात आले होते. या घटनांकडे वैयक्तिक समायोजनाचे अपयश म्हणून पाहणे म्हणजे प्रश्नाची बाजूच उलटी करणे होय.

पालघर परिसर : टेकडी, लोकल आणि वसतिगृह

संस्थेने विद्यार्थ्याकडे जावे हा विचार पालघर परिसराला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व नंतर कोसबाड येथे केलेल्या कार्यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांना शाळेत येणे शक्य होत नाही असे दिसल्यावर त्यांच्यावर अनुपस्थितीचा शेरा न मारता शाळाच कुरणात नेण्यात आली. ही ‘कुरणशाळा’ म्हणजे समायोजनाच्या प्रचलित व्याख्येला या भूमीने दिलेले उत्तर आहे. वारली शेतकरी-मजुरांच्या लढ्याचे चित्रण करणाऱ्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथाची भूमीही हीच. जे वेठबिगारीत अडकलेले होते त्यांची नातवंडे-पतवंडे आज पदवीच्या वर्गात बसतात, हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय येथील विद्यार्थ्याच्या निवडीचा विचार करता येत नाही.

पाम, सालवड, कुंभवली, पास्थळ या गावांच्या एका बाजूस तारापूरची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या बाजूस १९६९ साली सुरू झालेले अणुवीजकेंद्र आहे. येथील बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यापुढे साधारणतः तीन वाटा असतात. जवळच्या महाविद्यालयात जाऊन सोबत कारखान्यात काम पाहावे. लोकलचा पास काढून मुंबईस अप-डाऊन करावे. अथवा घर सोडून वसतिगृहात राहावे. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून दुसरी वाट अधिक रूढ झाली. बोईसर ते चर्चगेट हे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. पहाटेचा डबा, उभ्याने केलेला प्रवास, दुपारची व्याख्याने आणि परतीची गर्दी यांत विद्यार्थ्याचा दिवस संपतो. ग्रंथालय, चर्चामंडळ, नाटकाच्या तालमी, रात्रीच्या गप्पा हे सांगवीकराला सहज लाभलेले विद्यापीठ त्याच्या वाट्याला येत नाही. तो महाविद्यालयात जातो, परंतु महाविद्यालयात राहत नाही. या विद्यार्थ्याची कादंबरी मराठीत अद्याप यावयाची आहे.

जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी येथील आदिवासी विद्यार्थ्याला तर अप-डाऊनचीही सोय नाही. त्याच्यासाठी शासकीय वसतिगृह हाच उच्च शिक्षणाचा उंबरठा आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना भोजन व निवासासाठी रक्कम देणारी स्वयम् योजना शासनाने २०१६ साली आणली. पुढे २०१८ साली काही शासकीय आदिवासी वसतिगृहांतील मेस बंद करून भोजनाची रक्कम थेट विद्यार्थ्यांच्या बँक खात्यात जमा करण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले. पैसे मिळत असताना विद्यार्थी का चालत निघाले, असा प्रश्न त्या वेळी अनेकांना पडला. आत्मकथने वाचलेल्या अभ्यासकाला तो पडू नये. खात्यात येणारी रक्कम उशिरा येऊ शकते, घरच्या अडचणीला खर्च होऊ शकते. पंगतीचे ताट मात्र त्याच दिवशी समोर येते. शिवाय मेसमध्ये एकत्र जेवणारे विद्यार्थी एकत्र बोलतात आणि एकत्र मागणीही करतात. खात्यात रक्कम घेणारा विद्यार्थी एकटा पडतो. मेसचा हिशेब हा केवळ पैशाचा नसतो, ही गोष्ट सांगवीकराला नुकसानीतून कळली होती. या विद्यार्थ्यांना ती आधीपासूनच ठाऊक होती.

समारोप

वरील विवेचनाच्या आधारे पुढील निष्कर्ष नोंदविता येतील.

१. मराठी साहित्यातील वसतिगृह हे तटस्थ स्थळ नाही. विद्यार्थी तेथे कोणत्या निवडीने, कोणाच्या खर्चाने आणि मागे काय ठेवून येतो, यावर त्या स्थळाचा अर्थ ठरतो.

२. ‘कोसला’तील एकाकीपणा आर्थिक व सांस्कृतिक हिशेबापासून अलग करता येत नाही. दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांसोबत वाचल्यास या कादंबरीचा दुर्लक्षित राहिलेला व्यावहारिक स्तर प्रकाशात येतो आणि तिचे मूल्य त्यामुळे उणावत नाही.

३. आत्मकथनांतील निवेदकांनाही तितकेच गुंतागुंतीचे अंतर्विश्व आहे. ‘बलुतं’मधील दुहेरी निवेदन हे त्याचे ठळक उदाहरण होय. या कृतींना केवळ सामाजिक पुरावा मानणे समीक्षेच्या दृष्टीने अपुरे आहे.

४. समायोजन ही एकतर्फी प्रक्रिया मानता येणार नाही. सातारा, नागसेनवन आणि कोसबाड येथील प्रयोग संस्थेने विद्यार्थ्याशी जुळवून घेण्याची परंपरा महाराष्ट्रात असल्याचे दाखवितात.

पुढील वर्षी त्याच वर्गात ‘कोसला’ पुन्हा शिकविली, तेव्हा विवेचनाची सुरुवात अस्तित्ववादापासून न करता मेसपासून केली. मागच्या बाकांवरील विद्यार्थी प्रथमच बोलू लागले. कोणी आश्रमशाळेतील पंगतीविषयी सांगितले, कोणी पहाटेच्या लोकलमध्ये उघडलेल्या डब्याविषयी. मनीच्या मृत्यूचा भाग आला तेव्हा वर्ग शांत होता. कोणालाही तो परका वाटला नाही.